रमजानात भरदुपारी जेवणारा माणूस

आमच्या बोरी अरब गावात माझ्याबद्दल पुष्कळ गोष्टी सांगतात, आणि त्यातल्या बहुतेक मीच पसरवल्या आहेत. मी भरलेल्या रजईत एका नवरदेवाला ऐन थंडीत इतका घाम फुटला, की सासऱ्यानं ताप समजून त्याला गोळी दिली. माझ्या आजोबांच्या रूई पिंजायच्या धनुकलीचा टणत्कार दारव्ह्यापर्यंत ऐकू जायचा आणि तिथले लोक त्यावर घड्याळं लावायचे. आम्ही जातीचे पिंजारी, म्हणजे रूई पिंजून गाद्या भरणारे. धनुकली गेली, आता मशीन आहे. घरात बोली वऱ्हाडी, दुआ उर्दूत आणि भांडण दोन्हीत.

अशा माणसाच्या लिहिण्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून आधीच सांगून टाकतो. पुढं जे लिहिलंय त्यात नदी, घाम आणि माझी हुशारी एवढंच वाढवून सांगितलं आहे. आजार जेवढा होता तेवढाच आहे. त्याला माझ्या मदतीची गरज पडली नाही.

ज्यांना शुगर आहे, ज्यांचा रमजान जवळ आलाय आणि जे याबद्दल कुणालाच काही विचारत नाहीयेत, त्यांनी हे वाचावं. मीही विचारलं नव्हतं.

मुंग्यांनी केलेलं निदान

डॉक्टरच्या आधी माझा आजार मुंग्यांना कळला. मी लघवी करून आलो की मोरीत त्यांची रांग लागायला लागली आणि बायकोनं, शमीमनं, ती पाहिली. मला तहानही तशीच लागायची. त्या हिवाळ्यात अडाण नदीचं पाणी उतरलं ते लोकांना वाटतं कालव्यामुळं. कालव्याचा काही दोष नाही.

त्यात पायाच्या करंगळीत दाभण घुसलं. गादी शिवायची ही लांब सुई दुकानात कुठंही पडलेली असते आणि पिंजाऱ्याच्या पायाला तिची ओळख असते. एरवी चार दिवसांत विसरायची ती जखम, पण ही काही बुजेना. शेवटी शमीमनं मला यवतमाळला राठोड मॅडमपुढं नेऊन बसवलं.

राठोड मॅडम आर्णीकडच्या एका तांड्यातल्या. बंजारा बाई, आवाज असा की भिंतीपलीकडचा पेशंटही गोळी घेऊन टाकेल. त्यांनी बोट टोचलं, मशीनकडं पाहिलं, परत टोचलं.

"रज्जाकभाऊ, तुमी चालत आले का उचलून आणलं?"

"चालत आलो मॅडम. रस्त्यात समोसाबी खाल्ला."

आकडा किती होता ते मी लिहीत नाही. लिहिला तर तुम्ही म्हणाल, रज्जाक फेकून राह्यला. आयुष्यात पहिल्यांदा खरी गोष्ट माझ्या थापेपेक्षा मोठी निघाली होती.

मॅडमनी सगळं समजावलं. इन्सुलिन कसं टोचायचं, दिवसातून बोट टोचून आकडा कधी कधी बघायचा, पायाची पट्टी कशी बदलायची. आणि शेवटी, चष्मा काढून: "रमजान येऊन राह्यला. यंदा रोजे नाही. समजलं?"

मी मान हलवली. बैलही हलवतो, पण तो निदान खोटं हलवत नाही. दाढी फुटायच्या आधीपासून मी एकही रोजा चुकवला नव्हता. उन्हाळ्यातल्या रमजानात, बाहेर डांबर वितळत असताना, मशीनसमोर बसून रूई पिंजली आहे. मोहल्ल्यात माझी एवढी एकच गोष्ट होती जी मी वाढवून सांगत नसे आणि तरी लोक मानत.

मास्तरांचं सायन्स

शमीमचा भाऊ नईम आर्णीला शाळेत विज्ञान शिकवतो. त्याला मी मास्तर म्हणतो. जगात जो काही शोध लागतो तो आपल्या किताबात आधीच होता, हे मास्तरांचं ठाम मत. समुद्राचं पाणी, पोटातलं बाळ, चांदतारे, सगळंच तो सिद्ध करून दाखवतो. मी एकदा विचारलं होतं, "मास्तर, सगळं आधीच होतं तर शोध लागायच्या आधी आपण काहून नाही सांगितलं? लोक शोधतात आणि आपण मागून जाऊन म्हणतो, हे तर आमच्याच घरचं." त्यावर तो आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हता.

पण यंदा तो मोबाइल घेऊन आला आणि मला त्याचं म्हणणं गोड लागायला लागलं.

"दुल्हेभाई, हे पाहा. सायन्सनं कबूल केलं. उपाशी राह्यलं की शरीर आतून साफ होते. शुगर तर अशी वितळते. रोजा म्हणजे इलाज आहे इलाज."

"मॅडम तर नाही म्हणते."

"मॅडमला रोज्याचं काय माहीत?"

व्हिडिओत पांढऱ्या कोटातला एक माणूस इंग्रजीत बोलत होता. मला इंग्रजी येत नाही, त्यामुळं तो अधिकच खरा वाटला.

राहिला प्रश्न बोट टोचायचा. आमच्या बसस्टॉपच्या चहाच्या हॉटेलात शरियतचा कोणताही प्रश्न अर्ध्या कपात सुटतो. तिथं ठरलं की दिवसा बोट टोचलं, रक्त निघालं, म्हणजे रोजा तुटला. मी साखर मोजायची मशीन पेटीत टाकली आणि झाकणावर उशी ठेवली. मशिदीचे इमाम, मौलाना यूसुफ, माझ्या दुकानावरून दिवसातून पाच वेळा जायचे. हाक मारून विचारायला काय हरकत होती? विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, हीच हरकत होती.

मी वली होता होता राहिलो

पहिले काही रोजे छान गेले. मी मास्तरला फोन करून म्हणालो, शुगर वितळून राह्यली, मले आवाजबी येते.

मग एका दुपारी, जोहरची नमाज करून मी मशीनसमोर बसलो. लग्नसराईच्या गाद्या होत्या. थोड्या वेळानं हात थरथरायला लागले, अंगाला थंड घाम सुटला. हवेत उडणारी रूई एकदम चमकायला लागली, एकेक तंतू जसा चांदीचा. माझ्या मनात आलं, रज्जाक, हे साधं नाही, तू वलीपदाला, संतपदाला पोचून राह्यला. माणूस किती गाफील असू शकतो याचं याहून मोठं उदाहरण वऱ्हाडात सापडायचं नाही. पहाटेचं इन्सुलिन अंगात, पोट रिकामं, साखर पार खाली गेली होती आणि मी त्याला नूर, अल्लाचा उजेड समजत होतो.

पुढचं मला दुसऱ्यांनी सांगितलं. शमीम साखरेचं पाणी घेऊन आली तेव्हा मी रुईच्या ढिगावर आडवा होतो. तिनं पेला लावला, मी दात आवळले. ती स्वतः रोज्यानं. म्हणाली, "अजी, तोंड उघडा, पाया पडते." मी म्हणे पाणी थुंकलं आणि तिला काहीबाही बोललो. काय बोललो ते तिनं आजवर सांगितलेलं नाही. ती चप्पल न घालता मशिदीच्या दारापर्यंत पळत गेली.

मौलाना यूसुफ वयानं माझ्या मुलासारखे, किरकोळ अंगाचे, मोटारसायकल चालवताना दाढी वाऱ्यावर आडवी होते. त्यांनी येऊन माझं डोकं मांडीवर घेतलं. "रज्जाकभाई, रोजा मी सोडवून राह्यलो. जबाबदारी माझी. तोंड उघडा." मी उघडलं नाही. मग त्यांनी माझं नाक दाबलं, जसं लहान पोराला औषध देताना दाबतात, आणि तोंड उघडताच बोटावर साखर घेऊन माझ्या हिरड्यांना चोळली. थोडा शुद्धीवर आल्यावर पाणी पाजलं. रमजानच्या भरदुपारी, अर्ध्या मोहल्ल्यासमोर, मशिदीच्या इमामानं माझा रोजा सोडवला.

मग ऑटो, मग यवतमाळ.

वॉर्ड

दवाखान्यात दिवस उजाडतो तो सुईनं. आधी बोट, मग दंड, मग पोटाला इन्सुलिन, मग चहा. चहा बिनसाखरेचा, पण कपाला आधीच्या चहाची आठवण असायची.

शेजारच्या खाटेवर राळेगावचे विठोबाभाऊ होते. त्यांनाही शुगरच. त्यांनी माझी सगळी हकीकत ऐकून घेतली.

"म्हणजे पाणीबी नाही?"

"थेंब नाही."

"आमच्यात बरं आहे बापा. उपासाले साबुदाणा चालते, बटाटा चालते, शेंगदाणे, केळं, रताळं."

"मग तुमी इथं कसे?"

"त्याच्यानंच," विठोबाभाऊ म्हणाले.

पायाची करंगळी गेली. ताप उतरेना, जखम वर चढायला लागली, तेव्हा कापावी लागली. घरात सर्वांत कमी काम करणारी तीच होती, असं मी सगळ्यांना सांगतो. रात्र मात्र मी छताकडं पाहत काढली. आज करंगळी, मग पाऊल, मग काय, हा विचार तुमच्याही डोक्यात येईल. येऊ द्या. सकाळी सुई घेऊन कुणीतरी येतंच.

शमीम डबा आणायची, पट्टी पाहायची, परतायची. बोलायची नाही. मी दोन गोष्टी रचून सांगितल्या, हसली नाही. शेवटी मीच म्हटलं, "काही बोल तरी."

तिनं डब्याचं झाकण लावलं. "तुमी गेले असते तर लोक म्हणाले असते, रोज्यात गेला, जन्नती माणूस. कबरीवर फुलं टाकली असती. अन् मले कोण काय म्हणालं असतं? पाणी घेऊन उभी होती, पाजू नाही शकली, एवढंच."

पुढच्या वर्षी मी पुन्हा रोजा धरीन की नाही, हे तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं आणि मी अजूनही विठोबाभाऊंच्या रताळ्यावर विनोद करत होतो.

खाटेभोवतीची पंचायत

एका दुपारी मौलाना भेटायला आले. मास्तर आधीच बसलेला, मान खाली. तेवढ्यात राठोड मॅडमचा राउंड आला.

"बोट टोचलं की रोजा तुटते, हे कोणी सांगितलं तुमाले?" मॅडमनी मला विचारलं.

"हॉटेलात."

"कोणते मुफ्ती बसतात तिथं?"

मौलाना हसले. "तुटत नाही मॅडम. बोटानंही नाही, इन्सुलिनच्या सुईनंही नाही. मले विचारलं असतं तर उभ्या उभ्या सांगितलं असतं." मग ते उठून उभे राहिले आणि त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. शाळेतल्या पोरासारखे ते मॅडमला प्रश्न विचारायला लागले. यंदाचे रोजे गेले ते गेले, पण हिवाळ्यात दिवस लहान असतो, तेव्हा भरून काढले तर? एक दिवस आड धरले तर? गोळ्यांची वेळ बदलून?

मॅडम म्हणाल्या, "पाहू ना पुढं, आत्ता कायले?"

"नाही मॅडम. मी गप्पा नाही मारून राह्यलो. तुमी जे सांगसान त्याच्यावर यांचा मसला, म्हणजे धर्माचा निवाडा, उभा राहते. अंदाजानं नका सांगू."

मॅडम खुर्ची ओढून बसल्या, माझे सगळे रिपोर्ट पहिल्यापासून पाहिले. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "किडनीवर बी जोर आला आहे. हिवाळा असो की उन्हाळा, या माणसानं रोजा धरू नये. यंदाच नाही, पुढंही."

पुढंही. वॉर्डातला पंखा कुरकुरत होता तो मला बंद पडल्यासारखा वाटला.

"मग झालं," मौलाना म्हणाले. "रज्जाकभाई, तुमच्यावर रोजा नाही. त्याच्याऐवजी दर रोज्यामागं एका गरिबाले जेवू घाला. धरला तर सवाब नाही, उलट गुन्हा आहे."

मास्तर उसळला. "मौलाना, असं कसं? सायन्सनंच सिद्ध केलं की रोजा शुगरले चांगला. तुमी दीनवाले, धर्मवाले असून सायन्सच्या मागं राह्यले."

"मास्तर, तो व्हिडिओवाला रज्जाकभाईले भेटला होता का?" मॅडमनी विचारलं. "धडधाकट माणसाचं गणित वेगळं. या पायाचं वेगळं."

मौलाना खाटेच्या कडेला बसले. "नईमभाई, रोजा तब्येतीसाठी असता तर अल्लानं तो मेडिकलवर ठेवला असता, सकाळ-संध्याकाळ एकेक. रोजा त्याच्या हुकुमासाठी आहे. तुमी त्याले सायन्सच्या खुंटीवर टांगून राह्यले. उद्या सायन्सनं खुंटी काढून घेतली, तर रोजा खाली पडू देसान का?"

मास्तरनं हातातला मोबाइल खिशात घातला.

"अन् दुसरी गोष्ट. आजाऱ्याले सवलत कुराणातच आहे. पण आजारी कोण, किती, हे मी कशावरून ठरवू? नाडीतलं मले काय समजते? जाणकार डॉक्टर सांगते, तेव्हा मसला पुरा होते. डॉक्टरचं ऐकणं म्हणजे दीन सोडून सायन्सकडं जाणं नाही. इथं दीनच तुमाले मॅडमकडं पाठवून राह्यला."

मला हरल्यासारखं वाटत होतं आणि हरलेला माणूस फाटे फोडतो. मी म्हटलं, "मौलाना, मशिदीतला नमाजचा तक्ता हिशेबानं छापला आहे. सूर्य कोणी पाहत नाही, घड्याळ पाहून अजान होते. मग ईदचा चांद डोळ्यानंच काहून पाहा लागते? तो बी हिशेबानं करा."

"त्याच्यावर मोठमोठे आलिम, धर्म शिकलेले लोक भांडून राह्यले," मौलाना शांतपणे म्हणाले. "कोणी म्हणते हिशेब पुरे, कोणी म्हणते डोळा पाहिजे. मी दोन्हीकडचं वाचून राह्यलो, अजून ठरलं नाही. कधीकाळी लाउडस्पीकरवरही अशीच भांडणं झाली होती. पण तुमच्या किडनीवर भांडण नाही. तिथं सगळे एक आहेत."

"बरं झालं बापा," पलीकडून विठोबाभाऊ म्हणाले, "किडनी तरी हिंदू-मुसलमान, डॉक्टर-मौलाना सगळ्यांची एक."

मॅडम जाताना म्हणाल्या, "माझी याडी, माझी आईबी अशीच आहे. उपास सोड म्हटलं की म्हणते, तुले देव नाही. आता मी तुमच्या मौलानाले तांड्यावर नेते."

शमीम दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडं पाहून म्हटलं, "पुढच्या वर्षी दुपारी जेवीन." तिनं मान हलवली. विश्वास ठेवला असेल असं नाही. माझा इतिहास तिला माहीत होता.

दुपारचं जेवण

या वर्षीचा रमजान आला. मी तुम्हाला एक सांगतो, सुई सोपी आहे, करंगळी कापणं सोपं आहे. मोहल्ला रोज्यानं असताना घास तोंडात घालणं, ते अवघड आहे. आजारी माणसाला सूट असली तरी तो रोजेदारांसमोर खात नाही, आडोसा धरतो. मी दुकानाच्या मागच्या खोलीत, रुईच्या ढिगामागं जागा केली.

पहिल्या दुपारी शमीम ताट घेऊन आली. भाकर, मेथीची भाजी, तुरीचं वरण. ती रोज्यानं, चूल तिनं पेटवली, वास तिनं घेतला आणि घास माझा. मी ताटाकडं बघत बसलो. ती गेली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली, त्या दिवशी पेला घेऊन उभी राहिली असेल तशीच.

मी बिस्मिल्ला म्हणून घास घेतला. वरणात मीठ इतकं, की अडाण नदी पुन्हा उतरली असती. रोज्यात चव घेत नाही ती.

"कसं झालं?"

"असं वरण तर निजामाच्या घरीबी नसन झालं," मी म्हटलं. एवढी चांगली थाप मी आयुष्यात मारली नाही. ती पदर डोळ्याला लावून निघून गेली आणि संध्याकाळी, इफ्तारला, तिनं त्या वरणाचा पहिला घास घेतल्यावर मला शिव्यांची लाखोली ऐकू आली.

मला वाटलं होतं त्या ढिगामागं मी एकटाच असेन. पण दोन-चार दिवसांत मोहल्ल्यातले कुरेशीचाचा उशी दाखवायला म्हणून आले, आणि उशीच्या खोळीतून त्यांनी डबा काढला. हृदयाचं ऑपरेशन झालेले. घरच्यांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मग एक पोटुशी बाई सासूला घेऊन आली, गादी बघायला. मी बाहेर बसलो आणि त्यांना आत जागा दिली. सबंध बोरी अरबात माझ्याइतकं गिऱ्हाईक रमजानात कुणाकडं नसेल. मौलाना दुकानावरून जाताना दाराकडं बघत नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "धंदा जोरात आहे रज्जाकभाई." मी म्हटलं, "दुआ आहे."

मग एका शुक्रवारी मास्तर आला. बहिणीला भेटायला आर्णीहून गाडीवर आला होता. दुकानाच्या पायरीवर बसला आणि बोलता बोलता वाक्य हरवून बसला. कपाळावर घाम. सावलीत, पंख्याखाली, थंड घाम. हात मांडीखाली दाबून धरलेले, थरथर दिसू नये म्हणून.

तो घाम मी ओळखतो.

"मास्तर, हात दाखव."

"कायले?"

"बोट टोचतो. रोजा तुटत नाही, मी विचारून ठेवलं आहे."

तो नाही म्हणाला, पण हात काढून घ्यायची ताकद नव्हती. मशीननं आकडा दाखवला. मी तो त्याच्यासमोर धरला. विज्ञानाच्या मास्तरला आकडा समजावून सांगावा लागत नाही.

"केव्हापासून?"

"लय दिवसांपासून," तो म्हणाला. "गोळ्या घेतो. शाळेत कोणाले माहीत नाही. शमीम आपालेबी नाही. व्हिडिओ पाहिला की वाटे, बरं होऊन राह्यलं."

तेव्हा मला कळलं, गेल्या वर्षी तो मोबाइल त्यानं माझ्यासमोर धरला होता, पण दाखवत होता स्वतःला.

मी त्याच्या काखेत हात घालून त्याला मागं नेलं. आधी साखर, मग भाकर, हा आमच्या ढिगामागचा कायदा. साखरेचं पाणी पुढं केलं. त्यानं पेल्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं.

"कोणी आलं तर?"

"इथं जे येते ते याच कामाले येते."

त्यानं पाणी घेतलं. थोड्या वेळानं चेहऱ्यावर रंग आला. शमीम ताट घेऊन आली आणि दारातच थांबली. माझ्या जागेवर तिचा भाऊ बसलेला, हातात रिकामा पेला. तिनं ताट खाली ठेवलं, आत गेली, दुसरं घेऊन आली.

मास्तरनं माझ्याकडं पाठ केली आणि भाकरीचा तुकडा मोडला. खोली लहान, बाहेर रस्ता, जुम्याची नमाज संपवून माणसं परतत होती. त्याला घास चावायचा आवाजही नको होता, मानेवरून दिसत होतं.

मी उठून मशीन सुरू केली. पिंजायला त्या दिवशी काहीच नव्हतं. तो जेवेपर्यंत मी ती तशीच चालू ठेवली.